खोती कशी गेली?
परळची पत्रे, मुंबईचा मोर्चा आणि दिल्लीचा कायदा

वाचकहो, घरात सातबाऱ्याचा उतारा आणि जुने फेरफार असतील तर एकदा काढून पाहा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जमीन कूळ म्हणून कसली, त्यांच्या फेरफारात 'कलम ३२ ग' किंवा '३२ म' अशी अक्षरे बहुधा सापडतील. विदर्भात आणि मराठवाड्यात कायदे वेगळे, त्यामुळे कलमेही वेगळी. पण गोष्ट तीच. कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून लागले, ते या अक्षरांमुळे.

ही अक्षरे तलाठ्याने लिहिली, हे खरे. तलाठ्याला ती कायद्याने लिहायला लावली, हेही खरे. पण कायद्याला कोणी लावली?

कायदे करणे हे आमदार-खासदारांचे काम, त्यात वर्तमानपत्रांनी आणि मोर्चेवाल्यांनी लुडबूड करू नये, असे म्हणणारी शहाणी माणसे पुष्कळ भेटतात. सभागृहाने शांतपणे विचार करावा, बाहेरचा गलबला आत येऊ देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला बरे वाटते. पण कोकणातली खोती कशी गेली हे पाहिले, म्हणजे बाहेरचा गलबला आत गेला नसता तर काय झाले असते, ते ध्यानात येते. गंमत अशी की या कोकणच्या गोष्टीतला निम्मा भाग मुंबईत, परळ-लालबाग-दादरच्या गल्ल्यांत घडला.

खोत म्हणजे काय होते

देशावरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत नावाचा माणूस असे. गावाचा सारा वसूल करून सरकारात भरायचा, हे त्याचे मूळ काम. पण सरकारचा आकार ठरलेला असे आणि कुळाकडून घ्यायचे ते खोताच्या हातात. भाताच्या जमिनीत निम्मे पीक खोताला, त्याला अर्धेल म्हणत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवली तर तिसरा हिस्सा. शिवाय वेठ. खोताच्या शेतात फुकट नांगर धरायचा, त्याचे ओझे वाहायचे, प्रसंगी पालखीला खांदा द्यायचा. १८८० साली इंग्रज सरकारने खोतीचा कायदा केला, पण त्याने खोती मोडली नाही; उलट तिला कागदावर पक्के केले.

सगळे खोत वाईट होते असे कोणी म्हणणार नाही. अडल्यानडल्याला घरातले धान्य काढून देणारेही होते. पण ज्या व्यवस्थेत कुळाचे पोट खोताच्या स्वभावावर अवलंबून राहते, ती व्यवस्था चांगली नव्हे.

आता विचार करा, अशा कुळाचे गाऱ्हाणे कायदेमंडळापर्यंत जाणार कसे? त्याला लिहिता येत नाही. मत देण्याचा हक्क बहुतेकांना नाही, कारण त्या वेळी मत मिळे ते सारा किंवा कर भरणाऱ्याला, नाहीतर शिकलेल्याला. मामलेदाराकडे जावे तर तिथे खोताची ऊठबस. छापील शब्द तर सगळा दुसऱ्या बाजूचा. लोकमान्य टिळक केवढे मोठे, पण त्यांचे घराणे चिखलगावच्या खोतांचे, आणि खोतीच्या वादात 'केसरी'ने खोतांचीच बाजू मांडली होती. टिळकांना नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. वर्तमानपत्राचे वजन कायद्यावर पडते हे खोतांना कुळांच्या आधी कळले होते, एवढेच सांगायचे आहे.

गिरणगावातला कोकणी माणूस

कुळाला जी वाट सापडली ती मुंबईहून. अर्ध्या वाट्यात पोट भरेना, म्हणून कोकणातला तरणा माणूस बोटीत बसून मुंबईला यायचा आणि गिरणीत लागायचा. परळ, लालबाग, शिवडी, नायगाव या भागांत एकेका गावाच्या खोल्या असत. एका खोलीत पंधरा-वीस बाप्ये, पाळीप्रमाणे झोपणारे. महिन्याला गावी मनीऑर्डर. त्या मनीऑर्डरीतून घर चाले, आणि पुष्कळदा खोताची बाकीही फिटे. म्हणजे गिरणीतला घाम खोताच्या कोठारात जाई, असे म्हटले तरी चालेल.

पण याच खोल्यांत एक नवी गोष्ट घडली. खोलीतल्या एकाला तरी वाचता येई. तो संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. एक अंक छापला, तो वीस कानांत गेला, आणि गणपतीला किंवा शिमग्याला माणसे गावी गेली की गावात पोचला.

अशा वाचकांसाठी लिहिणारी पत्रेही परळमधूनच निघू लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या पोयबावडीला बी.आय.टी. चाळीत राहत. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्याच्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आणि २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' सुरू झाले. पैशाची ओढाताण कायमची. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले आहेत. ही पत्रे अस्पृश्यतेविरुद्ध होती हे सर्वांना ठाऊक आहे; पण जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्नही त्यांत येई, कारण महाराला, कुणब्याला, आगऱ्याला गावात एकाच खोताशी गाठ होती.

दादरचे रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नावही इथे घेतले पाहिजे. मुंबईला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जो जातो, तो एस. के. बोले मार्गावरूनच जातो, पण हे बोले कोण हे फारसे कोणी विचारीत नाही. भंडारी समाजातले हे गृहस्थ मुंबईच्या कायदेकौन्सिलात होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा १९२३ चा ठराव त्यांचाच. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच ठरावाच्या आधाराने झाला. कोकणातल्या कुळांचीही बाजू त्यांनी घेतली.

तिकडे अलिबाग तालुक्यात चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ ला सभा झाली आणि कुळांनी ठरवले, की जमीन कसायचीच नाही. नारायण नागू पाटील हे पुढारी. हा संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्याने सहा वर्षे नांगर खाली ठेवायचा म्हणजे काय, हे तुम्हांला समजावून सांगायला नको. बायाबापड्यांनी लाकूडफाटा विकला, खाडीतली मासळी धरली आणि दिवस काढले. १९३४ च्या डिसेंबरात बाबासाहेब चरीला सभेला आले. मात्र जिल्ह्यातल्या प्रस्थापित मंडळींच्या पत्रांत कुळाची बाजू येईना. मग १९३७ साली नारायण नागूंनी स्वतःचेच पत्र काढले, 'कृषीवल'. संपातल्या उपाशी माणसांनी छापखान्याकडे वळावे, यावरून त्यांना छापील शब्दाची किंमत किती कळली होती ते दिसते.

एका आमदाराचे विधेयक

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापला. जाहीरनाम्यात शेतकऱ्यासाठी भूतारण बँका आणि सहकारी खरेदी-विक्री संस्था यांची मागणी होती. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने मुंबई इलाख्यात सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. बाबासाहेब स्वतः भायखळा-परळ भागातून आले. म्हणजे ज्यांच्या खोल्यांत कोकणी माणूस दाटीने राहत होता, त्याच वस्तीचा प्रतिनिधी आता विधानसभेत होता.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. विधेयक साधे होते. खोती रद्द करावी, खोताला वाजवी भरपाई द्यावी, आणि जमीन कसणाऱ्याला जमीनमहसूल कायद्याप्रमाणे खातेदाराचा दर्जा द्यावा. लूटमार नाही, की कोणाला देशोधडीला लावणे नाही.

पण एकट्या सभासदाने मांडलेले विधेयक म्हणजे बिनबैलाची गाडी. सरकारी पक्षाने ओढली तर चालते, नाहीतर जागच्या जागी. स्वातंत्र्यानंतर आपल्या संसदेने खासगी सभासदांची अवघी चौदा विधेयके मंजूर केली आहेत आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे, एवढे सांगितले म्हणजे कल्पना येईल. सभागृहात बळ नसेल तर ते बाहेरून आणावे लागते.

ते बळ १० जानेवारी १९३८ ला मुंबईत आले. कोकणातून बोटी भरभरून माणसे आली. ठाण्याकडून आणि घाटावरूनही आली. मोर्चात वीस ते पंचवीस हजार शेतकरी होते असे सांगतात. पुढे बाबासाहेब, शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे. ज्या मैदानाला आपण आझाद मैदान म्हणतो तिथे ही सारी माणसे जमली आणि शिष्टमंडळ कौन्सिल हॉलमध्ये बाळासाहेब खेरांना भेटले. (त्या काळी इलाख्याच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधान म्हणत, म्हणून जुन्या कागदांत 'पंतप्रधान खेर' असे वाचून गोंधळू नका.) खोती आणि इनामदारी नाहीशी करा, शेतमजुराला किमान मजुरी द्या, थकबाकी माफ करा, अशा मागण्या होत्या. फाटक्या कपड्यांतली आणि अनवाणी अशी एवढी माणसे फोर्टातल्या रस्त्यांवर शिस्तीने चालताना शहराने पाहिली. ज्यांच्याबद्दल आत बोलणे चालले होते, ती माणसे दारात उभी राहिली. मला वाटते, दुसऱ्या कशापेक्षाही या गोष्टीचा परिणाम मोठा.

लगेच फळ मिळाले का? नाही. खोतीचे विधेयक त्या विधानसभेत मंजूर झाले नाही. गलबल्याने दर वेळी काम होते असेही नाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांनी संप केला, परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली, बाबासाहेब आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर आले, तरीही ते विधेयक कायदा झालेच. पण कुळांच्या बाबतीत सरकारला स्वस्थ बसता आले नाही. मोरारजी देसाई महसूल मंत्री होते. चरीच्या संपाकडे त्यांना लक्ष द्यावे लागले आणि १९३९ साली मुंबई इलाख्याचा पहिला कुळकायदा झाला. १ जानेवारी १९३८ च्या आधी सहा वर्षे ज्याने सतत जमीन कसली, तो 'संरक्षित कूळ' ठरला. तारीख लक्षात घ्या. मोर्चाच्या फक्त नऊ दिवस आधीची. तोकडा कायदा, सुरुवातीला थोड्याच भागात लागू झालेला, पण 'कूळ' या माणसाला कायद्याने प्रथमच काही अंगावर घालायला दिले.

दिल्लीत काय झाले

पुढचा भाग लवकर सांगतो. युद्ध आले, मंत्रिमंडळे गेली, स्वातंत्र्य आले. १९४८ साली नवा, भक्कम कुळकायदा झाला. १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा १९५० पासून अमलात आला. बारा वर्षांपूर्वी परळच्या आमदाराने जे मागितले होते ते सरकारने स्वतःचे म्हणून मंजूर केले. श्रेय कोणी घेतले याच्याशी कुळाला कर्तव्य नव्हते.

पण जमीनदारांनीही हात टेकले नव्हते. नव्या राज्यघटनेत मालमत्तेचा मूलभूत हक्क होता आणि त्याच्या आधारे ठिकठिकाणी दावे लागले. मार्च १९५१ मध्ये पाटण्याच्या हायकोर्टाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवला. आज बिहारचा, उद्या आपला. म्हणून संसदेने १९५१ च्या जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती केली आणि घटनेला नववे परिशिष्ट जोडले. त्यात घातलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांचे कारण दाखवून रद्द करता येऊ नये, अशी तजवीज केली. या यादीत दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा १९४८ चा कुळकायदा आहे आणि सहाव्या क्रमांकावर खोती नष्ट करणारा कायदा. त्या वेळी देशाचे कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर. १९३७ साली ज्या माणसाचे विधेयक पडून राहिले, त्याच्याच कारकिर्दीत खोतीबंदीला देशाच्या संसदेने कुंपण घातले.

याच घटनादुरुस्तीची दुसरी बाजू सांगितली नाही, तर हा लेख एकांगी होईल. जमिनीच्या कायद्याला कुंपण घालताना सरकारने वर्तमानपत्रांनाही वेसण घालण्याचा बेत केला होता. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' या साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली, ती सुप्रीम कोर्टाने १९५० मध्ये उठवली, हे त्याचे एक निमित्त. भाषण-लेखनावर बंधने घालण्याचा अधिकार सरकारला वाढवून हवा होता. मूळ मसुद्यात 'बंधने' एवढेच होते. देशभरच्या संपादकांनी कडाडून विरोध केला, संसदेत पुष्कळ सभासद बोलले, विधेयक प्रवर समितीकडे गेले आणि परत आले ते एक शब्द वाढून: 'वाजवी बंधने'. एका शब्दाने काय होते, असे वाटेल. पण बंधन वाजवी आहे की नाही हे तपासण्याचा कोर्टाचा अधिकार त्या एका शब्दात आहे. आजही एखाद्या पत्रावर किंवा पत्रकारावर सरकार उठले, तर वकील पहिल्यांदा त्या शब्दावर बोट ठेवतो. बाहेरच्या दडपणाने कायदा बिघडतो म्हणणाऱ्यांनी हा शब्द ध्यानात ठेवावा.

अर्थात दडपण नेहमी गरिबाचेच असते असे नाही. इंग्लंडात मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी सभा भरवल्या, पत्रके वाटली, वर्तमानपत्रे हाताशी धरली आणि १८४६ मध्ये पार्लमेंटकडून धान्यावरची आयातजकात उठवून घेतली. कामगाराची भाकरी स्वस्त झाली, हे चांगले झाले. पण धान्य पिकवणाऱ्याला कोणी विचारले नाही. जो बोलतो आणि छापतो, त्याचे ऐकू जाते. गप्प बसणाऱ्याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

आपल्याकडेही हेच दिसले. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी कूळ कायद्याने मालक झाले. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची, साधारणपणे सरकारी आकाराच्या वीस ते दोनशे पट, आणि ती भरली की ३२ म चे प्रमाणपत्र. जिथे शेतकरी संघटना होती, चार माणसे वर्तमानपत्र वाचणारी होती, मुंबईहून भाऊ किंवा चुलता पत्रातून कळवीत होता, तिथे कुळांनी हक्क पदरात पाडून घेतला. जिथे हे नव्हते, तिथे मालकाने कागदावर अंगठा घेतला. कुळाने आपखुशीने जमीन सोडली, असा 'राजीनामा' झाला आणि माणूस पुन्हा मजूर झाला. कायदा एकच, गावेही शेजारशेजारची.

ज्यांच्याकडे ३२ म ची जमीन आहे त्यांच्यासाठी जाता जाता एक माहिती. अशी जमीन विकायची तर पूर्वी कलम ४३ प्रमाणे आधी परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती अट सुटते. घाईने विकायला निघू नका. पण दलालाने 'साहेबांकडून काम करून आणतो' म्हणून हजारो रुपये मागितले, तर ही गोष्ट माहीत असलेली बरी.

मार्च २०१८ मध्ये पुन्हा शेतकरी मुंबईत आले. नाशिकहून ६ तारखेला निघालेल्या या मोर्चात डोंगरपट्ट्यातले आदिवासी पुष्कळ होते. संसदेने २००६ साली केलेल्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनीचे पट्टे द्या, ही त्यांची मोठी मागणी. साधारण १८० किलोमीटर चालून ते ११ तारखेला मुंबईत पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला तर मुलांचा खोळंबा होईल, म्हणून पायांना फोड आलेली ती माणसे तशीच रात्री उठली आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानावर जाऊन बसली. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने त्यांच्या फाटलेल्या टाचांची छायाचित्रे देशभर दाखवली. मुंबईकरांनी पाणी, बिस्किटे आणि चपला आणून दिल्या. त्याच दिवशी, १२ मार्चला, सरकारने वनहक्काचे दावे निकालात काढण्याचे लेखी आश्वासन दिले. हे तेच मैदान, जिथे १९३८ साली कोकणची कुळे बसली होती.